सत्तर अक्षरं

टाकीत तरंगता गोळा सोडला तेव्हा
वाटलं, अवघड काम संपलं.
बेळगुंदीच्या पुढं, काजूच्या बागांच्या अलीकडचं गाव,
शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, आम्ही तिघी.
माझ्या अंगठ्यावर सोल्डरचा चटका,
ग्रेसीच्या पर्समध्ये पक्कड आणि चिकटपट्टी.
खाली शिडी धरून वाल्व सोडणारा निंगाप्पा :
"पडू नका तेवढं. पडलात तर पाणी बाद."

टाकी भरली की गोळा वर येणार,
गोळ्याला कळलं की आमच्या डबीला कळणार,
डबी साऱ्या गावाला निरोप धाडणार :
पाणी आलं.

एवढंच तर सांगायचं होतं.

खरं निरोपात अक्षरं सत्तर.
इंग्रजीला एकशे साठ, आपल्याला सत्तर,
आणि काना मोजतात, मात्रा मोजतात,
अनुस्वाराचा एवढासा ठिपका, त्यालाही एक घर.
ग्रामपंचायत म्हटलं की अकरा गेली.

त्यात दोन भाषा बसवायच्या.
शिवलीला कन्नड लिहायची, मी मराठी,
जेवणाच्या सुट्टीत एकमेकींचे शब्द कापायचो.
मी 'कृपया' काढलं, तिनं गावाचं नाव काढलं,
मी 'येणार आहे'चं 'आलं' केलं,
काळच बदलला,
नळ अजून कोरडा.
शेवटी भरली एकाहत्तर.
एका अक्षरापायी एका निरोपाचे दोन होतात,
पैसेही दोन.

पंचायतीच्या बैठकीत एकानं चष्मा पुसत विचारलं,
"वर कुठली?"
"काय वर?"
"भाषा. पहिल्या ओळीत कुठली?"

कुलगोड सर चहात बिस्किट बुडवून बसले होते,
ते तुटून तळाला गेलं तरी हात तसाच.
हा प्रश्न इथं आमच्या जन्माआधीपासून बसलेला,
त्याला कुणी खुर्ची द्यावी लागत नाही.

मग दारातून फकिरव्वा म्हणाली,
"मला कुठलीच वाचायला येत नाही बा.
तुमचं चालू दे सावकाश.
घागर कधी लावू, तेवढं सांगा."

ग्रेसीनं विचारलं, "मग आजवर कसं कळायचं?"

निंगाप्पानं पिशवीतला पाना काढला,
भिंतीलगतच्या पाइपावर मारला.
एक. खालची गल्ली.
दोन. वरची.
लोखंडातून आवाज चढत गेला,
कुठल्याशा परसातून कुणी ओरडलं, "नीर बंदाव?"
दुसरीकडून, "आलं की!"
आणि खरंच चार बायका घागरी घेऊन धावल्या,
त्यांची समजूत घालण्यात बैठक संपली.

त्या रात्री आम्ही सत्तरच्या सत्तर पुसली.
आता डबी नुसता फोन करते.
एक रिंग, खालची. दोन, वरची.
उचलायचा नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं,
यात तुमचं नवीन काय?
शिवलीला माझ्याकडे बघत राहिली, मी डबीकडे.
गुण बरे पडले. बरे म्हणजे बेताचे.

निंगाप्पानं पाना टाकला नाही.
"तुमच्या डबीत पाल शिरली तर?" म्हणायचा,
आम्ही हसायचो.

चाचणीच्या यादीतून माझा नंबर काढायचा राहून गेला.
आता मी पुण्यात, सातव्या मजल्यावर,
नळाला चोवीस तास पाणी.
पहाटे साडेपाचला फोन दोनदा वाजून गप्प होतो.
मी उचलत नाही, कूस बदलते,
फकिरव्वाची पहिली घागर भरत आली असेल,
एवढ्या अंदाजावर पुन्हा झोपते.

काल वाजला नाही.
मग झोप नाही, चहाला चव नाही.
दुपारी शिवलीलाला विचारलं, काय झालं गं?
तिचं उत्तर आलं, मराठीत :
पाल.

तीन अक्षरं, काना धरून.